डेटाबेसची जोडणी : कोड फुकट, मग बिल कशाचे?

संस्थेचे सॉफ्टवेअर नवे करायला काढले आणि कोटेशनमध्ये ‘डेटाबेस कनेक्टिव्हिटी मॉड्यूल, स्वतंत्र विकास’ अशी ओळ दिसली, तर सही करण्याआधी व्हेंडरला एक प्रश्न विचारा. हेच काम करणारा मुक्तस्रोत कोड आपल्या सर्व्हरवर आधीच असताना नवा कशासाठी लिहायचा? सॉफ्टवेअर जावात लिहिलेले असेल आणि टॉमकॅटवर चालत असेल, तर या प्रश्नाला पटण्यासारखे उत्तर क्वचितच मिळेल.

हे मार्गदर्शन आहे पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये, छोटे कारखाने यांच्या व्यवस्थापकांसाठी. कोटेशनवर सही ते करतात, पण त्यातली तांत्रिक ओळ तपासायला त्यांच्याजवळ माणूस नसतो. स्वतः कोटेशन लिहिणाऱ्या छोट्या डेव्हलपरांनाही यातला हिशेब उपयोगी पडेल. माझे मत आधीच सांगते. नव्या कोडवर पैसे घालू नका. तयार कोड नीट बसवून घ्यायला पैसे द्या, आणि त्याहून जास्त पैसे तो दर वर्षी अद्ययावत ठेवण्यासाठी बाजूला काढा. या दुसऱ्या खर्चाची ओळ अनेक कोटेशनमध्ये नसते, आणि सर्वांत महागात तीच पडते.

नेमके काय लागते

प्रोग्रामला डेटाबेसपर्यंत पोहोचायचे तर चार गोष्टी माहीत हव्यात. डेटाबेस कोणत्या यंत्रावर आहे, त्याचे नाव काय, वापरकर्ता कोण आणि पासवर्ड काय. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये या गोष्टी थेट कोडमध्ये लिहिलेल्या सापडतात, त्याही अनेक फाइलींत विखुरलेल्या. यंत्र बदलले किंवा पासवर्ड बदलला की डेव्हलपरला बोलवायचे, कोड बदलायचा, पुन्हा बिल्ड करायचा, पुन्हा तपासायचा. प्रत्येक वेळी नवे बिल.

यावरचा उपाय पाव शतकापूर्वीचा आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ‘जावा नेमिंग अँड डिरेक्टरी इंटरफेस’ म्हणजे जेएनडीआय तयार केला, आणि २००० साली आलेल्या जावा १.३ पासून तो जावाच्या गाभ्यात आहे. प्रोग्राम फक्त नाव विचारतो, समजा ‘जेडीबीसी/खतावणी’ (जेडीबीसी म्हणजे जावाची डेटाबेसशी बोलण्याची पद्धत). त्या नावामागचा पत्ता, पासवर्ड आणि उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, म्हणजे कनेक्शन पूल, हे सगळे सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये असते. चाचणीच्या यंत्रावर त्याच नावामागे चाचणीचा डेटाबेस ठेवायचा आणि प्रत्यक्ष कामाच्या यंत्रावर खरा. प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

यात एक बारकावा आहे, आणि बिल बहुधा तिथूनच फुगते. जावाबरोबर जेएनडीआयचा सांगाडा येतो. एलडॅप, डीएनएस आणि आरएमआय यांच्याशी बोलणारे प्रोव्हायडरही येतात. पण सर्व्हरच्या पोटातली नावांची यादी सांभाळणारा कोड जावात नाही. तो टॉमकॅट किंवा जेटी हे सर्व्हर आपापला घेऊन येतात. त्यामुळे टॉमकॅटमध्ये सुरळीत चालणारा प्रोग्राम कमांड लाइनवरून चालवला की ‘नो इनिशियल कॉन्टेक्स्ट’ असा एक्सेप्शन येतो, आणि मग ‘यासाठी वेगळे मॉड्यूल लिहावे लागेल’ हे वाक्य ऐकू येते. लिहावे लागत नाही. टॉमकॅट आणि जेटी यांचा नेमिंगचा कोड मुक्तस्रोत आहे आणि बाहेरही वापरता येतो. शिवाय ‘सिंपल जेएनडीआय’ नावाची छोटी मुक्तस्रोत लायब्ररी साध्या प्रॉपर्टीज फाइलींवरून हेच काम करते.

तुमची गरज किती मोठी

सगळे प्रोग्राम टॉमकॅटच्या आत चालत असतील तर काम अगदी थोडे आहे. कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये एक ‘रिसोर्स’ नोंद करायची, डेटाबेसच्या ड्रायव्हरची जार फाइल टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये ठेवायची आणि प्रोग्राममध्ये जिथे जोडणी उघडली जाते तिथे नाव विचारणारी ओळ घालायची. पूलसाठी अपाचे कॉमन्सची डीबीसीपी २ ही लायब्ररी टॉमकॅटमध्येच गुंफलेली असते, बाहेरून काही आणायचे नाही. कॉन्फिगरेशनला एक दिवस पुरतो. कोणी या भागाचे आठ दिवस लावले असतील तर कशाचे, ते लिहून मागा.

स्प्रिंग बूटवर लिहिलेल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये टॉमकॅट आतच बसवलेला असतो आणि त्याचे नेमिंग मुळात बंद असते. स्प्रिंग बूटची स्वतःची डेटासोर्सची, म्हणजे जोडण्या पुरवणाऱ्या घटकाची, व्यवस्था चांगली आहे. तिथे जेएनडीआय ओढूनताणून आणण्यात अर्थ नाही, आणि त्यासाठी पैसे देण्यात तर मुळीच नाही.

दुसरी गरज रात्रीच्या बॅचची. व्याजाची आकारणी, थकबाकीची यादी, महिनाअखेरचे अहवाल ही कामे सर्व्हरच्या बाहेर, ठरल्या वेळी चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामकडे असतात. त्यांनी आणि वेबच्या प्रोग्रामने एकच कोड वापरावा ही इच्छा योग्य आहे. त्यासाठी सिंपल जेएनडीआय पुरेशी आहे. टॉमकॅटच्या नेमिंगच्या जार फाइली उचलून बॅचला जोडणेही शक्य आहे, पण त्या टॉमकॅटच्या अंतर्गत वापरासाठी लिहिलेल्या आहेत. पुढच्या मोठ्या आवृत्तीत त्या जशाच्या तशा राहतील असे कोणी वचन दिलेले नाही. बॅचचा प्रोग्राम एकच असेल तर मी याहून सोपी वाट सुचवेन. डेटासोर्स सुरुवातीलाच तयार करून प्रोग्रामच्या हाती द्यायचा, नाव विचारण्याची पायरी गाळायची. कोड कमी म्हणजे पुढची देखभालही कमी.

चाचण्यांसाठी स्प्रिंगने पूर्वी एक छोटा नेमिंगचा कोड दिला होता. ५.२ आवृत्तीपासून तो मोडीत काढल्याचे स्प्रिंगनेच जाहीर केले आहे. नव्या कामात कोणी तो वापरणार असेल तर थांबवा.

तिसरी गरज मोठ्या पसाऱ्याची आहे. दहा-वीस शाखा, अनेक प्रोग्राम, चार-पाच डेटाबेस, आणि सगळ्यांचे पत्ते एका जागी हवेत. इथे खरी डिरेक्टरी म्हणजे एलडॅप सर्व्हर उपयोगी पडतो. मिशिगन विद्यापीठातल्या एलडॅप सर्व्हरच्या कोडवर उभा राहिलेला ओपनएलडॅप हा प्रकल्प १९९८ पासून चालू आहे. अपाचे डिरेक्टरी आणि ३८९ डिरेक्टरी सर्व्हर हेही मुक्तस्रोत आहेत. डेटाबेसवाल्यांनीही सोय ठेवली आहे. पोस्टग्रेसची लिबपीक्यू ही लायब्ररी सर्व्हिस फाइलमध्ये एलडॅपचा पत्ता दिला की यंत्राचे नाव, पोर्ट वगैरे तपशील डिरेक्टरीतून स्वतः वाचते. मात्र ही सोय लिबपीक्यूवर उभ्या असलेल्या प्रोग्रामनाच मिळते. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर लिबपीक्यू वापरत नाही, त्यामुळे व्हेंडरने ही सोय जावाच्या प्रोग्रामसाठी गृहीत धरली असेल तर कोटेशन चुकले आहे. ओरॅकलमध्ये प्रत्येक यंत्रावरच्या टीएनएसनेम्स फाइलीऐवजी डिरेक्टरीतून नाव सोडवता येते. त्यासाठी ओपनएलडॅपमध्ये ओरॅकलच्या नोंदींचे स्कीमा घालून काम चालवणारेही आहेत, पण तसे करण्याआधी ओरॅकलच्या सपोर्ट करारात ते बसते का हे लेखी विचारा.

डिरेक्टरी फुकट मिळते, सांभाळणे फुकट नसते. ती बंद पडली तर नवी जोडणी कोणालाच मिळत नाही. म्हणून एकाऐवजी दोन सर्व्हर हवेत, दोघांत नोंदींची देवाणघेवाण हवी, टीएलएस प्रमाणपत्र हवे, बॅकअप हवा आणि एलडॅप समजणारा माणूस हवा. पाच-सात प्रोग्रामसाठी हा संसार थाटू नका. अंतर्गत डीएनएसमध्ये डेटाबेसच्या यंत्राला एक टोपणनाव दिले की यंत्र बदलताना फक्त ती नोंद बदलायची. पासवर्ड डीएनएसमध्ये बसत नाही, पण पत्ता बदलण्याचा त्रास वाचतो. एवढे ध्यानात ठेवा की जावा डीएनएसचे उत्तर काही काळ स्मरणात ठेवते. सिक्युरिटी मॅनेजर नसताना हा काळ साधारण ३० सेकंद असतो. पूलमधल्या जुन्या जोडण्या मात्र जुन्याच यंत्राला धरून राहतात, त्यामुळे रिस्टार्ट चुकत नाही.

पैशांचा हिशेब

डेव्हलपरचा दर गावागणिक आणि अनुभवागणिक बदलतो. हिशेब समजावा म्हणून मी दिवसाला ५,००० रुपये धरते. तुमच्या कोटेशनमधला दर त्या जागी घाला. दिवसांचे आकडे हा माझा अंदाज आहे. तो एक टॉमकॅट, एक डेटाबेस, दोन वेब प्रोग्राम आणि एक बॅच असलेल्या संस्थेसाठी आहे.

जुन्या कोडमध्ये विखुरलेले पत्ते शोधून काढायला दोन दिवस. कॉन्फिगरेशनला एक. चाचणीला दोन. टिपण लिहून देणे आणि तुमच्या माणसाला शिकवणे, एक. एकूण सहा दिवसांचे ३०,००० रुपये. माहिती तंत्रज्ञानाच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,४००. एकूण ३५,४००. ज्यांना इनपुट क्रेडिट घेता येत नाही त्यांनी कर खर्चातच मोजावा.

तेच काम ‘स्वतंत्र विकास’ म्हणून केले तर पूल, वेळमर्यादा, तुटलेली जोडणी ओळखणे, लॉग, सगळे नव्याने लिहून तपासावे लागते. बावीस दिवस धरा. १,१०,००० रुपये आणि १९,८०० कर, एकूण १,२९,८००. एवढे मोजून जे हाती येते ते वर्षानुवर्षे हजारो ठिकाणी वापरून घासून निघालेल्या डीबीसीपीच्या तोडीचे असण्याची शक्यता कमी. आणि लिहिणारा सोडून गेला की तो कोड वाचणारा कोणी नाही.

आता देखभाल. दर तिमाहीला टॉमकॅट आणि ड्रायव्हर अद्ययावत करून तपासायला अर्धा दिवस, म्हणजे वर्षाला दोन. अचानक निघालेल्या सुरक्षादोषासाठी राखीव आणखी दोन. चार दिवसांचे करासह २३,६०० रुपये. पाच वर्षांचे १,१८,०००. तयार कोडचा पाच वर्षांचा एकूण खर्च मग १,५३,४०० होतो, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग देखभालीचा असतो. स्वतंत्र विकासात ही देखभाल टळत नाही, कारण तो कोडही टॉमकॅट आणि ड्रायव्हरवरच उभा असतो. वर त्याची स्वतःची दुरुस्ती वेगळी. दोन्ही कोटेशनची तुलना पाच वर्षांवर करा. पहिल्या बिलाच्या आकड्यावर कोटेशन ठरवले की देखभालीची ओळ वगळणारा व्हेंडर नेहमीच स्वस्त दिसतो.

डिरेक्टरी हवीच असेल तर उभारणीला आणखी दहा दिवस, करासह ५९,००० रुपये, आणि दोन सर्व्हरचे भाडे कायमचे धरा.

फुकट कोडमधले महागडे आकडे

तयार कोड घेतला की त्याबरोबर त्याचे ठरलेले आकडेही येतात. ते न पाहता काम सुरू केले की काही महिन्यांनी ‘सॉफ्टवेअर हळू चालते’ अशी तक्रार येते आणि त्यामागोमाग मोठा सर्व्हर घेण्याचा सल्ला. अनेकदा कॉन्फिगरेशनमधला एक आकडा बदलून काम भागते, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

टॉमकॅटमधल्या डीबीसीपी २ मध्ये एका वेळी जास्तीत जास्त ८ जोडण्या, हा मूळ आकडा. टॉमकॅटबरोबरच ‘टॉमकॅट जेडीबीसी पूल’ नावाचा दुसरा पूल येतो, त्यात १००. हिकारीसीपी या लोकप्रिय पूलमध्ये १०. दुसऱ्या बाजूला पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या स्वीकारतो, मायएसक्यूएल १५१. टॉमकॅट स्वतः एका वेळी २०० विनंत्या हाताळायला तयार असतो. आता पाहा. डीबीसीपीचे ८ तसेच ठेवले तर गर्दीच्या वेळी नववा माणूस ताटकळतो, आणि किती वेळ ताटकळायचे याची मर्यादा डीबीसीपीत मुळात घातलेलीच नाही. पडदा गोल फिरत राहतो, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. उलट, कोणी नुसता पूल बदलून टॉमकॅट जेडीबीसी घेतला आणि दोन वेब प्रोग्राम चालवले, तर दोघे मिळून २०० जोडण्या मागू शकतात. पोस्टग्रेसची मर्यादा १०० ची. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक जोडणी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधली एक वेगळी प्रोसेस असते, म्हणून मर्यादा डोळे मिटून वाढवली की मेमरीचा खर्च वाढतो. व्हेंडरला हा गुणाकार कागदावर मांडायला सांगा. प्रत्येक प्रोग्रामचा पूल गुणिले त्याच्या चालू प्रती, सगळ्यांची बेरीज, आणि ती डेटाबेसच्या मर्यादेपेक्षा थोडी कमी. दहा मिनिटांचे काम आहे.

जुने कॉन्फिगरेशन नव्या टॉमकॅटवर जसेच्या तसे चिकटवणे हा दुसरा खड्डा. टॉमकॅट ७ मध्ये या मर्यादेचे नाव ‘मॅक्सॲक्टिव्ह’ होते. टॉमकॅट ८ पासून डीबीसीपी २ आली आणि नाव झाले ‘मॅक्सटोटल’. तसेच ‘मॅक्सवेट’चे झाले ‘मॅक्सवेटमिलिस’. जुने नाव राहिले तर सर्व्हर सुरू होतो, प्रोग्राम चालतो, लॉगमध्ये एक इशारा उमटतो आणि मर्यादा गुपचूप ८ वर येते. तुम्ही ५० मागितले होते हे त्याला कळलेलेच नसते. स्थलांतराचे बिल देण्यापूर्वी सर्व्हर सुरू होतानाचा लॉग मागून घ्या आणि असे इशारे शून्य असल्याची खात्री करा.

सकाळी पहिल्या माणसाला चूक येते आणि पान पुन्हा उघडले की चालते, ही तक्रार ओळखीची असेल. मायएसक्यूएल रिकामी बसलेली जोडणी ८ तासांनी तोडतो. पूलला ते ठाऊक नसते, तो मेलेली जोडणी पुढे करतो. डीबीसीपी २ देण्याआधी जोडणी तपासते, टॉमकॅट जेडीबीसी पूल मुळात तपासत नाही. तिथे तपासणी चालू करावी लागते. हे ‘सपोर्ट कॉल’ म्हणून बिलात लावू देऊ नका. बसवण्याच्या कामाचाच हा भाग आहे.

प्रोग्राम जोडणी घेतो आणि परत करत नाही, हा दोष मात्र खरोखर कोडमधला असतो. डीबीसीपीमध्ये अशी सोडून दिलेली जोडणी ठरावीक वेळाने, मुळात ३०० सेकंदांनी, परत ओढून घेण्याची सोय आहे. ती आपोआप चालू नसते. ती चालू करा आणि कोणत्या ओळीने जोडणी सोडली याचा लॉगही चालू करा. त्या लॉगमुळे डेव्हलपरचे शोधण्याचे दिवस वाचतात. पण मूळ दोष दुरुस्त न करता या सोयीवर भागवणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका.

पासवर्ड

कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. ते पाहून घाबरायला होते, आणि त्या भीतीवर ‘पासवर्ड एन्क्रिप्शन’चे वेगळे मॉड्यूल विकले जाते. सर्व्हरला स्वतःच कुलूप उघडून पासवर्ड वाचायचा असेल तर किल्लीही त्याच यंत्रावर ठेवावी लागते. यंत्रात शिरलेल्याला दोन्ही मिळतात. या मॉड्यूलवर पैसे घालण्याऐवजी अर्ध्या दिवसात होणारी तीन कामे करून घ्या. फाइल फक्त टॉमकॅट चालवणाऱ्या वापरकर्त्यालाच वाचता यावी. डेटाबेसमधला वापरकर्ता सर्वाधिकारी नसावा, त्याला लागतील तेवढ्याच तक्त्यांवर लागतील तेवढेच हक्क असावेत. आणि पासवर्ड कोडच्या भांडारात जाऊ नये म्हणून तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यावा. टॉमकॅटमध्ये त्याची सोय आहे. दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे.

देखभालीची ओळ का वगळू नये

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या मुक्तस्रोत लायब्ररीतला दोष जगासमोर आला. ‘लॉगफोरशेल’ म्हणून तो ओळखला जातो आणि तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० मिळाले. त्याचे मूळ याच लेखाच्या विषयात आहे. लॉगच्या मजकुरात जेएनडीआयचे नाव आले तर ते सोडवण्याची सोय २०१३ मध्ये लॉगफोरजेत घातली गेली होती. लॉगइनच्या रकान्यात कोणी एलडॅपचा पत्ता असलेला मजकूर टाकला, प्रोग्रामने तो लॉगमध्ये लिहिला, की सर्व्हर हल्लेखोराच्या यंत्राकडे जाऊन तिथला कोड आणू शकत असे. दुरुस्ती एका दमात झाली नाही. २.१५.० आली, मग २.१६.०, २.१७.०, शेवटी २.१७.१. त्या शेवटच्या आवृत्तीने बुजवलेले भोक तर जेडीबीसीच्या लॉगसाठी जेएनडीआयने डेटासोर्स शोधण्याच्या वाटेतले होते. ज्यांच्या करारात राखीव दिवस होते त्यांच्याकडे माणूस लगेच पोहोचला. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी त्या आठवड्यात मिळेल त्या दराने माणूस शोधला.

इशारा आधी मिळाला नव्हता असे नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये लास वेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत जेएनडीआय आणि एलडॅपच्या वाटेने सर्व्हर ताब्यात घेता येतो हे दाखवले गेले होते. जावाने बाहेरून कोड आणणे पुढे बंद केले, एलडॅपसाठी जावा ८ च्या १९१ व्या अपडेटमध्ये. मग हल्लेखोरांनी आधीच सर्व्हरवर असलेल्या कोडकडे मोर्चा वळवला. टॉमकॅटच्या नेमिंगमधला ‘बीनफॅक्टरी’ हा वर्ग त्यासाठी वापरता येत होता. टॉमकॅटने ९.०.६३ पासून त्यातली ती सोय काढून टाकली. नेमिंगच्या जार फाइली उचलून बॅचला जोडल्या असतील तर हाच धोका त्यांनाही आहे, आणि त्या टॉमकॅटच्या अपडेटबरोबर आपोआप बदलत नाहीत. म्हणून कोणत्या जार फाइली, कोणत्या आवृत्तीच्या, कुठे ठेवल्या आहेत याची यादी व्हेंडरकडून लेखी घ्या. ती नसेल तर राखीव दिवसांतला पहिला दिवस शोधण्यातच जातो.

दोन गोष्टी बसवतानाच करून घ्या. जेएनडीआयला विचारले जाणारे नाव वापरकर्त्याने टाइप केलेल्या मजकुरातून कधीही येऊ नये. आणि डेटाबेस, डीएनएस अशी गरजेची ठिकाणे सोडून सर्व्हरने बाहेर जोडणी उघडू नये, असा नियम फायरवॉलमध्ये घालावा. या नियमाला अर्धा दिवस लागतो.

भारतात याला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर ६ तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. लॉगच्या डिस्कचा खर्च कोटेशनमध्ये आहे का ते पाहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या संस्थेला एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही. पण सभासदांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी व्हेंडरवर ढकलून मोकळे होता येत नाही, हे संचालक मंडळाला ठाऊक असायला हवे.

लायसन्स आणि स्थलांतर

टॉमकॅट, डीबीसीपी आणि हिकारीसीपी अपाचे २.० लायसन्सखाली आहेत. संस्थेत वापरायला काही द्यावे लागत नाही. व्हेंडर सॉफ्टवेअर तुम्हाला विकतो तेव्हा लायसन्सची प्रत आणि श्रेयाची नोटीस बरोबर द्यावी, आणि मूळ फाइली बदलल्या असतील तर तसे नमूद करावे, एवढीच अपेक्षा. मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर जीपीएल खाली आहे. व्हेंडर बंद कोडचे उत्पादन त्यासकट वाटत असेल तर त्याने ओरॅकलचे व्यावसायिक लायसन्स घेतले आहे का, हे विचारा. हा खर्च नंतर तुमच्याकडे वळता कामा नये. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर बीएसडी लायसन्सचा आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. टॉमकॅटच्या नेमिंगचा कोड स्वतः बदलून घेण्याचा मोह टाळा. प्रत्येक अपडेटच्या वेळी तो बदल पुन्हा बसवावा लागतो आणि त्याचे पैसे दर वेळी मोजावे लागतात.

टॉमकॅट १० मध्ये ‘जावएक्स’ने सुरू होणारी अनेक नावे ‘जकार्ता’ झाली. त्याचे मोठे बिल येते तेव्हा जेएनडीआय आणि डेटासोर्सच्या ओळी त्यात मोजल्या आहेत का पाहा. ‘जावएक्स नेमिंग’ आणि ‘जावएक्स एसक्यूएल’ जावाच्या गाभ्यातले असल्याने ती नावे बदललेली नाहीत. बदलतात ती सर्व्हलेटची नावे आणि डेटासोर्स आपोआप टोचून घेणारे ‘रिसोर्स’ हे ॲनोटेशन. त्यासाठी अपाचेने स्थलांतराचे साधन फुकट दिले आहे. त्यानंतरच्या चाचणीचे पैसे द्यायलाच हवेत, पण हाताने फाइली बदलण्याचे दिवस मोजू नका. टॉमकॅट ८.५ चा सपोर्ट ३१ मार्च २०२४ रोजी संपला आहे. अजून त्यावर असाल तर स्थलांतर पुढे ढकलू नका.

शेवटचा हप्ता

एकूण रकमेतला निदान पाचवा हिस्सा चाचणी होईपर्यंत हातात ठेवा आणि चाचणी करारातच लिहा. डेटाबेसची प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवायची. व्हेंडरच्या माणसाने नव्हे, तुमच्या माणसाने त्याने दिलेले टिपण वाचून नावामागचा पत्ता आणि पासवर्ड बदलायचा आणि टॉमकॅट रिस्टार्ट करायचा. दोन्ही वेब प्रोग्राम आणि रात्रीची बॅच नव्या यंत्रावरून चालली पाहिजेत, जुन्या यंत्रावर एकही जोडणी दिसता कामा नये. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ या दृश्यातून आणि मायएसक्यूएलमध्ये प्रोसेसलिस्टमधून ते तिथल्या तिथे दिसते. एखादी जोडणी जुन्या यंत्रावर उरली, तर कोडमध्ये कुठेतरी पत्ता अजून लिहिलेला आहे. तो शोधून काढण्याचे काम पहिल्या दोन दिवसांच्या बिलात आलेले आहे, त्यासाठी नवे बिल घेऊ नका.